एकच पात्र सारखं जिंकतंय? आधी पट बघा, मग पात्र

घरी मुलांसाठी बोर्डगेम बनवायला घेतला की हा त्रास कधी ना कधी होतोच, म्हणून आधी लक्षणं सांगते, तुमच्याशी जुळतात का बघा. डाव मांडायच्या आधीच भांडण सुरू, कारण चौघांनाही तेच एक पात्र हवंय. ज्याला ते मिळतं तोच जिंकतो. उरलेले तिघं "चीटिंग चीटिंग" करत उठून जातात. मग तुम्ही त्या पात्राची ताकद थोडी छाटता, दोन दिवस शांततेत जातात आणि तिसऱ्या दिवशी दुसरंच कोणीतरी डोक्यावर बसतं, मग त्याचीही छाटता, आणि असं करता करता चारही पात्रं इतकी मिळमिळीत होतात की ह्यापेक्षा सापशिडी काय वाईट होती असं वाटायला लागतं.

माझा अख्खा मे महिना ह्यात गेला. पाच वेळा पट नव्याने काढला, पुठ्ठ्याचा आणि फेविकॉलचा हिशोब नवऱ्याला अजून सांगितलेला नाही. एवढं करून कळलं काय, तर गडबड बहुतेक वेळा पात्रात नसतेच, पटात असते, आणि आपण मात्र पात्रालाच धरून बडवत बसतो.

गेम थोडक्यात सांगते म्हणजे पुढचं कळेल. नाव पाणवठा. उन्हाळ्यात ओढे आटलेत आणि सह्याद्रीतले चार प्राणी उरलेल्या एकाच पाणवठ्याकडे निघालेत, जो आधी पोचेल तो जिंकला. (बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर मचाण बांधून प्राणी मोजतात ना, तिथे एकदा बसले होते. रात्रभर डास आणि पहाटे एक भेकर, बाकी शून्य. पण गेम डोक्यात तिथेच आला.) पटावर ४८ घरं, एक फासा, वाटेत शिकाऱ्यांनी लावलेले फास आणि मोठी झाडं. फासात पडलात तर एक चान्स गेला. आणि पात्रं अशी: बिबट्या दोन फासे टाकतो आणि मोठं दान घेतो. शेकरू झाडावर आला की पुढच्या झाडावर उडी मारतो. खवल्या मांजराला फासाचं काही होत नाही. पिंगळ्याला चाहूल नावाची कार्डं आधी बघता येतात.

खेळणारी मंडळी म्हणजे माझी लेक वय ७, सुट्टीला कोल्हापूरहून आलेला भाचा वय १०, आणि पाचव्या मजल्यावरची जुळी, वय ६.

पहिल्या आठवड्यात २४ डाव झाले. वहीत मांडलं होतं, बिबट्या १२, शेकरू ७, खवल्या ३, पिंगळा २.

आता इथे जी चूक सगळे करतात तीच मी केली. बिबट्या जास्त जिंकतो म्हणजे बिबट्याला शिक्षा. नियम टाकला, बिबट्याचं दान १ आलं तर पुढचा चान्स गुल. दोन दिवस खेळलो, काहीही फरक नाही. डोकं खाजवत बसले आणि मग ट्यूब पेटली, अहो तो दोन फाशांतला मोठा घेतो, त्याचं दान १ यायला दोन्ही फाशांवर १ पडायला हवा, म्हणजे ३६ मधून एकदा! शिक्षा होती पण ती कधी लागूच होत नव्हती. मग चिडून नियम कडक केला, कुठल्याही एका फाशावर १ दिसला की चाल रद्द. हे ३६ पैकी ११ वेळा होतं, म्हणजे साधारण तीन चालींत एकदा. बिबट्याची सरासरी धाडकन ३.३३ वर आली, जी साध्या एका फाशाच्या ३.५ पेक्षाही कमी आहे. जुळ्यांपैकी एकाला त्या दिवशी पहिल्यांदा बिबट्या मिळाला होता, सलग दोनदा चाल रद्द झाली, आणि तो इतका रडला की त्याच्या आईला खाली यावं लागलं. मी समोसे देऊन वेळ मारून नेली.

तेव्हापासून मी एक पाळते, मुलांच्या गेममध्ये दिलेली ताकद काढून घ्यायची नाही. मोठ्या माणसाला नियम बदलला असं सांगता येतं. सहा वर्षांच्या पोराला एवढंच कळतं की काल बिबट्याला हे मिळत होतं आणि आज मला मिळालं नाही.

तर आता करायचं काय. पात्राला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा, कारण "हेच पात्र जिंकतं" ह्या एकाच तक्रारीत वेगवेगळे आजार लपलेले असतात.

पहिलं म्हणजे पात्र जिंकतंय की ते घेणारा जिंकतोय. आमच्याकडे बिबट्या कोण घ्यायचं? भाचा. मोठा, आधी झडप घालणार. नुसता फाशांचा खेळ असेल तर वयाने फार फरक पडत नाही, पण जिथे निवड करायची असते तिथे पडतो. त्यामुळे तपासणीच्या डावांत पात्रं निवडू देऊच नका, कार्डं उलटी ठेवायची आणि ओढायची.

दुसरं, पहिली चाल कोणाची. मी नियमात मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, "सगळ्यात मोठा प्राणी पहिला". वाचायला गोड वाटतं. पण त्याचा अर्थ असा की सगळ्यात जोरात पळणाऱ्यालाच दरवेळी पहिली चाल. शर्यतीच्या खेळात दोघं सारख्याच चालींत पोचणार असतील तर आधी खेळणारा जिंकतो, म्हणजे बिबट्याला हा बोनस मीच स्वतःच्या हाताने दिला होता. आता सगळ्यात लहान मूल पहिलं खेळतं आणि पात्रं प्रत्येक डावाला बदलतात.

तिसरं, आकडे पुरेसे आहेत का. चारही पात्रं अगदी सारख्या ताकदीची असली तरी २० डावांत एखाद्या ठरावीक पात्राने ८ किंवा जास्त डाव मारायची शक्यता जवळपास १० टक्के असते, आणि पात्रं चार असल्यामुळे कुठलंतरी एक असं उठून दिसायची शक्यता त्याहून बरीच जास्त. म्हणजे दहा-बारा डाव बघून "शेकरू स्ट्राँग आहे" म्हणून कात्री घेऊन बसू नका. आमचे २४ मधले १२ मात्र योगायोग म्हणायला जरा जास्तच होते.

हे तिन्ही बघूनही तेच पात्र पुढे असेल तर मग गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

एका फाशाची सरासरी ३.५. दोन फाशांतला मोठा घेतला तर ४.४७. ४८ घरांचा पट साधा फासा टाकून पार करायला साधारण १४ चाली लागतात, बिबट्याला ११. तीन चालींचा फरक! आता फास. वाटेतल्या एखाद्या ठरावीक घरावर बरोब्बर पाय पडायची शक्यता ढोबळमानाने १ भागिले सरासरी, म्हणजे साध्या फाशाला ३.५ मध्ये एकदा. माझ्या पटावर फास किती होते? पाच. म्हणजे साध्या प्राण्याच्या अख्ख्या डावात दीड चान्स जाणार, आणि खवल्याची सगळी ताकद काय, तर तो दीड चान्स वाचवणं. बिबट्या लांब ढांगा टाकतो त्यामुळे तो फासात कमीच पडतो, त्याचा जेमतेम एक चान्स जातो. म्हणजे बिबट्या १२ च्या थोडा पुढे, खवल्या १४ आणि पिंगळा साडेपंधरा. वहीतले आकडे ओरडून हेच सांगत होते आणि मी बिबट्याचे कान पिळत बसले होते.

इथे डोक्यात प्रकाश पडला. खवल्याची ताकद खवल्याच्या कार्डावर नाहीच, ती पटावरच्या फासांमध्ये आहे. फास पाच असतील तर तो बिचारा, पंधरा असतील तर तो राजा. कार्डावरचा एक शब्दही न बदलता. तसंच शेकरूची ताकद झाडांत.

आणि आपल्याकडच्या जुन्या खेळांत हे आधीपासून आहे की. वाघ-बकरीचा खेळ घ्या, दक्षिणेकडे ३ वाघ आणि १५ बकऱ्या घेऊन खेळतात, नेपाळच्या बाघचालमध्ये ४ वाघ आणि २० बकऱ्या, आणि पट वेगळा. दोन बाजू एवढ्या विषम, पण कोणी वाघाचे दात काढले नाहीत. बकऱ्या किती आणि रेघा कशा, ह्यावर सगळा तोल. मी एवढी वर्षं हा खेळ बघतेय आणि स्वतःच्या गेमवर वेळ आली तेव्हा हे आठवलं नाही.

मग पट कसा बदलला

झाडांपासून सुरुवात केली कारण त्यात मला सगळ्यात जास्त मजा आली. आधी चार झाडं मी चित्र छान दिसेल अशी काढली होती, तीन जवळजवळ आणि एक लांब. त्यामुळे शेकरूच्या दोन उड्या तीन-तीन घरांच्या आणि एक थेट १७ घरांची. ती १७ वाली ज्याला लागली तो जिंकला, नाही लागली तर शेकरू म्हणजे नुसती शेपटी.

आता झाडं दर सहा घरांवर लावली, ६, १२, १८ असं करत ४२ पर्यंत. ह्यात गंमत बघा, तुम्ही कुठल्याही घरात असा, पुढच्या सहा घरांत झाड एकच येतं, म्हणजे फाशाच्या सहा दानांपैकी बरोबर एक दान झाडावर नेतं. सहात एकदा सहा घरांची उडी, म्हणजे सरासरीत १ ची भर. ३.५ चे झाले ४.५. आणि बिबट्या किती होता? ४.४७! मी वहीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले आणि दोन मिनिटं नुसती बघत बसले. दोन पूर्ण वेगळे प्राणी, एकाची रीत दुसऱ्यासारखी अजिबात नाही, आणि वेग सारखा.

पुढची गंमत अजून भारी. झाडं दर चार घरांवर लावली तर? चारात एकदा उडी, चार घरांची. भर १. दर बारा घरांवर? बारात एकदा, बारा घरांची. भर पुन्हा १. (पटाच्या दोन्ही टोकांना थोडं इकडेतिकडे होतं, पण ढोबळमानाने हेच.) म्हणजे अंतर सारखं ठेवलंत तर झाडं किती लावता ह्याने ताकद बदलत नाही, बदलते ती मजा किती वेळा येते ते. डाव अकरा-बारा चालींचा. बारा घरांवर झाड असेल तर शेकरू घेतलेल्या पोराला अख्ख्या डावात जेमतेम एक उडी, तीही मिळाली तर. सहा घरांवर असेल तर दोन, चारवर असेल तर तीन. ताकद न वाढवता मजा वाढवायचं बटण आहे हे! मी सहावर थांबले कारण चारवर पट फार गच्च दिसत होता आणि फासांना जागा उरत नव्हती, पण अगदी लहान मुलं असतील तर चारच घ्या.

उडीचा नियम नीट लिहा हां. मी लिहिलं होतं, "झाडावर आलास की पुढच्या झाडावर उडी मार." भाच्याने पहिल्याच दानाला ६ टाकला, झाडावर गेला, उडी मारून १२ वर गेला आणि म्हणाला, "मावशी, हे पण झाडच की." मग १८. मग २४. हाताने टप टप टप करत एकाच चालीत पाणवठ्यावर पोचला, पाणी प्यायल्याचा आवाज पण काढला, आणि बाकीच्या तिघांनी अजून फासा हातात पण घेतला नव्हता. "नियमात तसंच लिवलंय," म्हणे. लिहिलं होतंच, काय बोलणार. आता कार्डावर आहे, "एका चान्सला एकच उडी."

मग फास. ५ चे ९ केले, दर पाच घरांवर एक, ५, १०, १५ असं ४५ पर्यंत. फक्त ३० व्या घरात झाड आणि फास एकमेकांवर आले (पाचाच्या आणि सहाच्या पाढ्यात ३० येणारच), तिथे भांडण नको म्हणून तो फास ३१ वर सरकवला. आता बिबट्याचे आणि शेकरूचे डावात साधारण दोन चान्स जातात, दोघंही १३ चालींच्या आसपास पोचतात. खवल्याचा एकही जात नाही, तो १४. जवळ आले, पण अजून एक चाल मागे.

खवल्याचं खरं दुखणं मात्र चालींचं नव्हतंच. ते पात्र कोणाला नकोच होतं. लेक सरळ म्हणाली, "खवल्या म्हणजे कच्चं लिंबू आहे." आणि बरोबर होतं तिचं! लपाछपीत कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, पण म्हणून कोणाला कच्चं लिंबू व्हायचं असतं का? "ह्याला काही होत नाही" ही ताकद मुलाला दिसतच नाही. बिबट्याला दोन फासे खुळखुळवायला मिळतात, शेकरूला उडी मिळते, खवल्याला काय, तर काही न होणं. जुळी तर विसरूनच जायची आणि मुकाट्याने चान्स सोडायची, म्हणजे असलेली ताकद पण वापरली जात नव्हती. हे पण तपासा बरं का, एखादं पात्र हरतंय ते दुबळं म्हणून की खेळणाऱ्याला त्याची ताकद आठवतच नाही म्हणून.

उपाय साधा निघाला. खवले मांजर घाबरलं की अंगाचा गोळा करतं हे खरंच आहे, तर आता खवल्या फासावर आला की गोळा होतो आणि गडगडत एक घर पुढे जातो. फक्त एक घर. पण ते करताना सोंगटी आडवी करून लोळवायची आणि मोठ्याने "गोळाऽऽ" ओरडायचं. पाच चालींत एकदा एक घर, म्हणजे सरासरी ३.५ ची ३.७, आणि चाली १४ वरून साडेतेराच्या आत. तिघंही एका रांगेत. आणि आता जुळी मुद्दाम फासावर जायची प्रार्थना करतात.

त्या ओरडण्यातच अजून एक घोळ सापडला जो मराठीत गेम लिहिणाऱ्यालाच होणार. फासा आणि फास! मी कार्डावर लिहिलं होतं "फास आला तर गोळा हो", आणि सहा वर्षांचं पोर फासा हातात आला की गोळा होतंय. दोन दिवस मला वाटत होतं मुद्दाम मस्ती करतायत. शेवटी फासाचं नाव सापळा केलं, सगळी घरं व्हाइटनरने खोडून पुन्हा लिहिली. इथून पुढे मी पण सापळाच म्हणते.

पिंगळा, म्हणजे अर्धवट सुटलेला प्रश्न

पिंगळ्याची चाहूल कार्डं मी पूर्ण काढून टाकली. लहान मुलांना ती वाचता येईनात, आणि ज्यांना येत होती ती कार्ड आधी बघून वाईट असलं तरी घ्यायचीच, कारण घेण्यातच मजा. सहा वर्षांच्या मुलाला "हवं तर" वाली ताकद देऊ नका, तो हवंच म्हणतो.

घुबडाच्या जातीतले पक्षी मान २७० अंशांपर्यंत फिरवतात, म्हणून नवीन ताकद अशी, दान आवडलं नाही तर मान फिरवून पुन्हा बघ, म्हणजे एकदा परत फासा टाक. दुसरं दान मात्र घ्यायलाच हवं. डोकं लावून खेळलं, म्हणजे १, २, ३ आले किंवा समोर सापळा आला तरच परत टाकलं, तर पिंगळा साडेतेराच्या आसपास पोचतो, बाकीच्यांच्या बरोबरीने. पण जुळी कशी खेळतात? ६ सोडून काहीही आलं की परत टाक! ५ आला तरी परत टाक! मग सरासरी ३.९ होते आणि टाळता येण्यासारख्या सापळ्यांत पण पडतात, म्हणजे बाकीच्यांपेक्षा दीडएक चाल मागे. तेच पात्र भाच्याच्या हातात चोख आणि जुळ्यांच्या हातात ढ.

ह्यावर मी बराच विचार केला आणि तसंच सोडून दिलं. जिथे निवड आहे तिथे हा फरक राहणारच, आणि दहा वर्षांच्या मुलाला सतत नशिबावर खेळून कंटाळा येतो, त्याला एक तरी पात्र डोकं वापरायला हवं. फक्त पिंगळ्याच्या कार्डावर कोपऱ्यात एक छोटी चांदणी काढली, मोठ्यांना कळेल एवढी. मुलांना सांगितलेलं नाही काय आहे ते.

आकडे जुळले तरी सगळ्यांना बिबट्याच हवा

हा भाग मला सगळ्यात उशिरा कळला. ताकद सारखी झाली, वहीत निकाल बऱ्यापैकी वाटले गेले, तरी भांडण सुरूच. तेव्हा कार्डं शेजारी शेजारी ठेवून नीट बघितली. बिबट्या मी पूर्ण कार्डभर काढला होता, पिवळाधमक, थेट तुमच्याकडे बघणारा. खवल्या कोपऱ्यात, पाठमोरा, तपकिरी. लेकीच्या भाषेत बटाटा. पिंगळ्याचे डोळे मिटलेले, कारण मला मिटलेले डोळे काढायला सोपे जातात. असं असेल तर कोण घेईल?

सगळी परत काढली. चौघंही समोर बघणारे, डोळे उघडे, कार्डावर सारख्याच जागेत. सोंगट्या पण बदलल्या, आधी एकाच आकाराची चार रंगांची बटणं होती, पण ट्यूबलाइटखाली पिवळं आणि तपकिरी दोन्ही सारखंच दिसत होतं. आता खवल्या म्हणजे चिंचोका, शेकरूला लोकरीची शेपटी चिकटवली, पिंगळा म्हणजे बाटलीचं झाकण आणि त्यावर डोळे, बिबट्या ठिपके काढलेला आईस्क्रीमच्या काडीचा तुकडा. हात लावला तरी कळतं कोण आहे. चिंचोका लोळवायला पण बरा.

आणि कार्डाच्या मागे प्रत्येकाची एकेक गोष्ट लिहिली, दोन ओळींची. पिंगळ्याच्या मागे त्याच्या भावकीतल्या रानपिंगळ्याची लिहिली, १८८४ नंतर तो दिसलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ परत सापडला. ११३ वर्षं लपाछपी! हे वाचल्यावर भाचा म्हणाला, "लई भारी, मला हाच पायजे." त्या दिवसापासून बिबट्यावरचं भांडण निम्मं झालं. पाच वेळा पट बदलून जे झालं नाही ते दोन ओळींनी झालं, आता हसायचं की रडायचं तुम्हीच सांगा.

उरलेलं निम्मं भांडण मिटवायला, मागच्या डावात जो शेवटी आला तो पुढच्या डावात आधी निवडतो. बिबट्या काढून टाका असं मला बहिणीने सुचवलं होतं, पण नाही, मुलं पटाजवळ येतात तीच बिबट्या बघून.

ताकद एका दमात सांगता आली पाहिजे, हे पण बघा. आमची आता अशी आहे. दोन फासे, मोठा घे. झाड आलं, एक उडी. सापळा आला, गोळा, एक पुढे. नाही आवडलं, एकदा परत टाक. ह्याच्यापेक्षा लांब झालं की एक जण विसरतो आणि दुसरा चीटिंग म्हणतो.

हे सगळं झाल्यावर मी खूश होऊन पट लॅमिनेट केला, ए-थ्री साइझमध्ये चार झेरॉक्स काढल्या आणि एक सेट जुळ्यांच्या घरी दिला. आठ दिवसांनी त्यांची आई लिफ्टमध्ये भेटली. म्हणाली, "गेम छान आहे हो, पण तेवढं बिबट्याचं बघा ना. आमच्याकडे तो कधीच जिंकत नाही, मुलं घ्यायलाच तयार नाहीत."

मी तीन ताड उडाले. बिबट्या जिंकत नाही? वही काढली, सगळं पुन्हा मोजलं, काही चुकलेलं दिसेना. शेवटी वर जाऊन त्यांच्यासोबत एक डाव खेळले. बिबट्या सुसाट सुटला, सगळ्यांच्या आधी ४७ व्या घरात आला, आणि तिथेच बसला. फासे टाकतोय, ४ आला, नाही चालत. ५ आला, नाही चालत. मी म्हटलं, का नाही चालत? तर जुळी दोघं एकदम, "काकू, एकच हवाय ना! नेमकं पडायला हवं!"

सापशिडीची सवय. तिथे १०० वर जायला नेमकं दान लागतं, त्यामुळे त्यांनी इथेही तेच धरलं, आणि मी नियमात कुठेच लिहिलं नव्हतं की लागत नाही. साध्या फाशाला १ पडायची शक्यता सहात एक. बिबट्याला मोठं दान घ्यावं लागतं, म्हणजे ३६ मध्ये एक. पाण्यापासून एक पाऊल लांब उभं राहून बिचारा तहानेने मरत होता आणि चिंचोका मागून गडगडत येऊन जिंकत होता.

लॅमिनेशनवर पेन उमटत नाही, म्हणून पाणवठ्याच्या चित्रावर वहीचं लेबल चिकटवलं आणि त्यावर लिहिलं, "नेमकं दान लागत नाही. पोचलास की पी."